आजोबा संपादकही होते आणि नगराध्यक्षही. त्यांचं चरित्र कसं लिहावं?

उत्तरा
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी माझ्या आजोबांची जन्मशताब्दी आहे. त्यांनी एका तालुक्याच्या गावी १९५४ ते १९८९ अशी पस्तीस वर्षं साप्ताहिक चालवलं. चार पानं, दर शनिवारी. मुद्रक, प्रकाशक, मालक, संपादक सगळं तेच. शिवाय गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष, हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस आणि १९६७ ते १९७४ नगराध्यक्ष. गावात आजही त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं खुर्चीत जरा सावरून बसतात.

काकांना गौरवग्रंथ काढायचा आहे आणि मुख्य चरित्रलेख माझ्याकडे दिलाय. गेले चार महिने मी माळ्यावरच्या बांधीव फाइली वाचतेय. १९५४ ते १९६७ या काळात पालिकेवर दर आठवड्याला खणखणीत सदर आहे. गटारं, दिवाबत्ती, जकात नाक्यावरची अरेरावी, कशालाच सोडलेलं नाही. १९६७ च्या शेवटी आजोबा नगराध्यक्ष झाले आणि ते सदर बंद पडलं. निरोपाच्या दोन ओळीसुद्धा नाहीत.

१९७२ च्या दुष्काळाचे अंक तर मी दोनदा वाचले. सुकडीचं वाटप, मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खडी फोडायच्या कामावरची माणसं, सगळ्याच्या बातम्या आहेत. पण गावातल्या पाणीवाटपाबद्दल जवळजवळ काही नाही. आमच्या आळीला एक दिवसाआड पाणी यायचं आणि वेशीबाहेरच्या वस्तीला आठवड्यातून एकदा, हे मी लहानपणापासून घरातच ऐकलंय. अंकात मात्र ते सापडत नाही.

हे लिहावं का? आणि मुळात एकाच माणसाने ही दोन्ही कामं करावीत का? काकांचं म्हणणं, शंभराव्या वर्षी उणीदुणी कशाला काढायची. मला आजोबा फार प्रिय होते. म्हणूनच विचारतेय.

गंधाली
रविवार, रात्री ९.३२

लिही. सगळं लिही.

जुना वार्ताहर
रविवार, रात्री ११.०५

उत्तराताई, मी सत्तावीस वर्षं जिल्हा दैनिकांत काढली. त्यातली पहिली नऊ अशाच एका मालक-संपादकांच्या हाताखाली. त्यामुळे आधी हा धंदा आतून कसा चालायचा ते सांगतो, मग तुमच्या प्रश्नाकडे वळतो.

छोट्या गावातलं साप्ताहिक वर्गणीवर कधीच जगलं नाही. वर्गणीदार वर्षानुवर्षं पैसे थकवायचे आणि तरी अंक बंद करता यायचा नाही, कारण थकवणारा एक तर नातलग असायचा नाही तर सोसायटीचा चेअरमन. साप्ताहिकाला पोसायचा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं. त्याच्या जोडीला जाहिराती: वकिलांच्या जाहीर नोटिसा, पालिकेची टेंडरं, कारखान्याच्या सभेची नोटीस, दिवाळीच्या शुभेच्छा. आता ही यादी परत वाचा. ज्याच्यावर टीका करायची तोच गिऱ्हाईक. यातून कुणाचीच सुटका नव्हती, नगराध्यक्ष असो वा नसो.

दुसरी गोष्ट, शहरातल्या संपादकाला वाचक चेहऱ्याने ओळखत नाही. तालुक्याच्या गावात संपादक रोज सकाळी त्याच पेठेतून चालत प्रेसवर जातो. अग्रलेखात ज्याला झोडपलं तो न्हाव्याकडे शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. त्याने लिहायची हिंमत करणं हीच मोठी गोष्ट असते आणि त्याने गप्प बसण्याची कारणंही तिथेच असतात. आमचे मालक म्हणायचे, मुंबईच्या मंत्र्यावर लिहायला शाई लागते, गल्लीतल्या मुकादमावर लिहायला छाती लागते.

तुमच्या आजोबांनी तेरा वर्षं पालिकेवर लिहिलं. माझ्या लेखी ती तेरा वर्षं पुढच्या सातांपेक्षा जड आहेत. पण सातांबद्दलही लिहा. फक्त आधी त्या काळाचे हिशेबाचे कागद मिळतात का बघा. पालिकेच्या जाहिराती ते नगराध्यक्ष असताना वाढल्या की घटल्या? अंक तुमच्याकडेच आहेत, मोजता येतील.

तिसरी घंटा
सोमवार, सकाळी ७.४८

माझं मत वेगळं आहे. गौरवग्रंथ हा गौरवासाठी असतो. घरच्या माणसाने घरच्या माणसावर चौकशी अहवाल लिहू नये. खरं चरित्र बाहेरच्या अभ्यासकाने लिहावं. तुम्ही फाइली त्याच्या हाती द्या आणि ग्रंथात आठवणी लिहा. काकांनाही दुखवू नका. ते दुष्काळात त्याच घरात होते, तुम्ही नव्हता.

गंधाली
सोमवार, सकाळी ८.१५

@तिसरी घंटा, तालुक्याच्या गावच्या साप्ताहिकावर लिहायला बाहेरचा अभ्यासक कधी येतो? माझ्या पाहण्यात एकही नाही. तिने नाही लिहिलं तर कुणीच लिहिणार नाही आणि फाइली रद्दीत जातील.

वकीलवाडा
सोमवार, सकाळी १०.२०

कायद्याच्या बाजूने थोडं. उत्तरा यांच्या कामाचंही आहे यात.

१८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छपाईची जागा छापावी लागे. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असते ती ओळ. हा इंग्रजांच्या काळचा कायदा थेट १ मार्च २०२४ पर्यंत टिकला. त्या दिवशी २०२३ चा नियतकालिकांचा नवा कायदा लागू झाला.

त्याच जुन्या व्यवस्थेत आणखी एक नियम होता. दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावर जो पहिला अंक निघेल त्यात मालकीचं निवेदन छापायचं. 'फॉर्म नं. ४' असा मथळा, खाली संपादक कोण, प्रकाशक कोण, मालक कोण, भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा कुणाचा. वाचक ते कधीच वाचत नसत. तुम्ही मात्र १९६८ ते १९७४ च्या मार्चमधले पहिले अंक काढून तेवढी चौकट बघाच.

आता औचित्याचा मुद्दा. आपल्याकडच्या १९६५ च्या नगरपालिका कायद्यात असं आहे की नगरसेवकाचा पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. मात्र ज्या वर्तमानपत्रात पालिकेच्या जाहिराती येतात त्यात त्याचा वाटा असेल, तर तेवढ्यावरून अपात्रता येत नाही. वर्तमानपत्राला मुद्दाम सूट दिलेली आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असे संपादक-नगरसेवक होते, म्हणूनच ती सूट आली असं मी मानतो. थोडक्यात, आजोबांचं वागणं बेकायदेशीर नव्हतं. योग्य होतं का, हे कायदा सांगणार नाही.

मोडी लिपी
सोमवार, दुपारी १.०२

ही परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर निवडून गेले होते. न. चिं. केळकर केसरीचे संपादकही होते आणि पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून दीनबंधू चालवला आणि गिरणी कामगारांची संघटनाही उभी केली. १९१९ मध्ये बेळगावात तरुण भारत सुरू करणारे बाबूराव ठाकूर सार्वजनिक चळवळींतही पुढे होते. आ. कृ. वाघमारे यांना तर निजामी राजवटीमुळे 'मराठवाडा' हे पत्र पुण्याहून काढावं लागलं. लिहिणं आणि लोकांत उतरून काम करणं ही वेगळी खाती आहेत असं त्या पिढ्यांना वाटतच नव्हतं. आज आपण हितसंबंधांची भाषा वापरतो ती त्यांच्यावर मागे जाऊन लादू नये.

नदीकाठ
सोमवार, दुपारी २.४०

@मोडी लिपी, ही सगळी माणसं सत्तेशी झगडत होती. केळकरांचा अपवाद सोडला तर तुमच्या यादीतल्या कुणाकडे गावच्या पाण्याची किल्ली नव्हती. उत्तराचा प्रश्न किल्ली हातात असलेल्या संपादकाचा आहे.

मुकुंदराव पाटलांचं उदाहरण घ्या. तरवडी, तालुका नेवासा. १९१० मध्ये सुरू केलेला दीनमित्र त्यांनी खेड्यात राहून १९६७ मध्ये जाईपर्यंत चालवला. सत्यशोधक विचारांचं पत्र, आणि तेही खेड्यातून. ती नैतिक ताकद कुठून आली? गावगाड्यातल्या प्रत्येक सत्तेला ते प्रश्न विचारू शकत होते यातून.

मोडी लिपी
सोमवार, दुपारी ३.११

किल्लीचा मुद्दा मान्य. मात्र मुकुंदराव हे पाटलांच्या घराण्यात दत्तक गेले होते. गावात त्यांच्या शब्दालाही वजन होतंच. पूर्ण सत्ताहीन माणसाला त्या काळात छापखाना काढताच आला नसता.

खिळेजुळारी
सोमवार, रात्री ८.५५

मी संपादक नव्हे. मी कंपोझिटर, म्हणजे छपाईचे खिळे (शिशाची अक्षरं) जुळवणारा. सोळाव्या वर्षी केसपुढे, म्हणजे खिळ्यांच्या पेटीपुढे उभा राहिलो आणि ऑफसेट येईपर्यंत उभाच होतो. या धाग्यात कुणीतरी आमच्याबद्दलही बोलायला हवं.

मराठीचा केस म्हणजे शेकडो खण. अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, सगळ्याला वेगळा खण. हाताला सवय व्हायला दोन वर्षं लागत. एका हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, दुसरा हात खणांवर, आणि सगळं उलटं वाचायचं. शनिवारचा अंक असला तर गुरुवारी आतली पानं, शुक्रवारी रात्री पहिलं पान. लाइट गेली की कंदिलावर. ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, पायाने चालायचं, लाइटचा प्रश्न नव्हता, पाय दुखायचे तेवढंच.

अंक निघाला की खिळे सोडायचे, म्हणजे प्रत्येक खिळा परत आपल्या खणात. तिथे चूक झाली की पुढच्या आठवड्यात भोगायची. आमच्याकडे एकदा 'म'च्या खणात 'प' पडले आणि एका समारंभाच्या बातमीत 'पाजी नगराध्यक्षांच्या हस्ते' असं छापून गेलं. माजी नगराध्यक्ष सकाळी प्रेसवर हजर. मालक घाबरले होते. गृहस्थ म्हणाले, अहो, विरोधकांनी दहा वर्षांत जे उघड म्हटलं नाही ते तुमच्या प चं धाडस! आणि चहा मागवून बसले.

उत्तराताई, तुम्हाला कामाची गोष्ट सांगतो. पान बांधून झाल्यावर मालकांनी मजकूर काढायला सांगितला तर भोक पडतं. ते भरायला आमच्याकडे तयार मॅटर बांधून ठेवलेलं असायचं. सुविचार, घरगुती औषधं, 'वर्गणी त्वरित भरा' असली चौकट. तेही पुरलं नाही तर ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून मजकूर सैल करायचा. म्हणून एखाद्या पानावर मध्येच दोन सुविचार एकाखाली एक दिसले आणि आजूबाजूच्या ओळींपेक्षा त्यातलं अंतर जास्त दिसलं, तर समजायचं तिथून शेवटच्या घटकेला काहीतरी उठलंय. मी अजूनही जुना अंक हातात घेतला की आधी तेच बघतो.

जुना वार्ताहर
सोमवार, रात्री ९.२०

वा! सत्तावीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सायली
सोमवार, रात्री ९.४४

आणि फोटोचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे? माझे मामा सांगायचे, ब्लॉक करायला शहरात पाठवावा लागे म्हणून गावच्या पुढाऱ्याचा एकच ब्लॉक वीस वर्षं चालायचा. माणूस म्हातारा झाला, ब्लॉक तरुणच राहिला.

खिळेजुळारी
सोमवार, रात्री ९.५०

अगदी खरं. श्रद्धांजलीलाही तोच.

पाणवठा
मंगळवार, सकाळी ६.३०

मी हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

आमचं गाव वेगळं, पण गोष्ट तीच. आमच्या गावचे साप्ताहिकवाले सत्ताधारी पॅनेलचे होते, माझे वडील विरोधी नगरसेवक. दोन टर्म. वडिलांनी सभागृहात किती प्रश्न विचारले ते पालिकेच्या इतिवृत्तात आहे. साप्ताहिकात त्यांचं नाव अकरा वर्षांत दोनदा आलं. एकदा निवडून आल्याच्या यादीत आणि एकदा आजी वारली तेव्हा. त्यांच्याबद्दल वाईट एक शब्द कधी छापला नाही. काहीच छापलं नाही.

वडिलांनी मग चौकात फळा लावला. रोज पहाटे खडूने लिहायचे: कालच्या सभेत काय झालं, कुठल्या कामाला किती मंजूर झाले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, पाण्याची बादली आणि फडकं धरायचो. पाऊस आला की सगळं वाहून जायचं, दुसऱ्या दिवशी परत लिहायचे. त्या फळ्याची आता एक ओळही शिल्लक नाही. साप्ताहिकाच्या फाइली मात्र वाचनालयात जपून ठेवल्यात आणि गावचा इतिहास म्हणून पोरं तेच वाचतात.

उत्तराताई, तुमच्या आजोबांवर माझा राग नाही. त्यांना मी ओळखतही नाही. पण तुमच्या फाइलीत ज्यांची नावं नाहीत त्यांचं काय, हे चरित्र लिहिताना एकदा मनात आणा. वेशीबाहेरच्या वस्तीतली कुणी म्हातारी माणसं असतील तर त्यांना जाऊन भेटा.

उत्तरा
मंगळवार, सकाळी ७.०५

पाणवठा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी त्या वस्तीत अजून गेले नाही. जायला हवं होतं. या रविवारी जाते.

तिसरी घंटा
मंगळवार, सकाळी ९.१२

पाणवठा यांचं वाचून मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. आठवणी आणि चौकशी यांच्या मधलीही काही वाट असेल. मात्र काकांना आधी विश्वासात घ्या, हे परत सांगतो.

भटक्या
मंगळवार, दुपारी १२.२५

दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो. मी किल्लारीच्या भागातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. सकाळी आलेल्या पेपरात भूकंपाची एक ओळ नव्हती, कारण सगळे अंक आधीच छापून झाले होते. आमच्या जवळच्या गावात एका छोट्या पत्राच्या मालकांनी दुपारपर्यंत एका कागदाची पुरवणी काढली आणि फुकट वाटली. बातमी म्हणून त्यात काही नव्हतंच. नुसती नावं. कोणता जखमी कोणत्या दवाखान्यात, कोणाला सोलापूरला हलवलं, कोण लातूरला. ते गृहस्थ मदत समितीतही होते, म्हणूनच याद्या त्यांच्या हातात आल्या. माझ्या चुलत्यांना आम्ही त्या कागदावरून शोधलं.

संपादक आणि समितीचा माणूस एकच होता म्हणून त्या दिवशी वेळ वाचला. एवढंच सांगायचं होतं.

नदीकाठ
मंगळवार, दुपारी १.००

@भटक्या, हे वाचून गलबलून आलं. पण संकटाच्या दिवसाची गोष्ट वेगळी असते. त्या दिवशी सगळ्यांचं हित एक असतं. पाणी वाटायला लागलो की एक राहत नाही.

जुना वार्ताहर
मंगळवार, दुपारी ४.१८

एक बारीक आठवण. उत्तराताई, आजोबांनी १९७४ मध्ये खुर्ची सोडली, आणि २५ जून १९७५ ला आणीबाणी आली. त्या पावसाळ्यातले अंक पाहिलेत का? बातम्या आधी सरकारकडून तपासून घ्याव्या लागत. छोट्या संपादकांच्या स्वभावाची खरी ओळख त्या महिन्यांत होते.

उत्तरा
मंगळवार, रात्री १०.३०

पाहिले. जुलै १९७५ चे चारही अंक समोर आहेत. अग्रलेखाच्या जागी चारही वेळा फक्त तालुक्याच्या पावसाचे आकडे आहेत. गावनिहाय, बारीक अक्षरात, पूर्ण कॉलमभर. आधी मला वाटलं चुकून लागलंय.

जुना वार्ताहर
मंगळवार, रात्री १०.४१

चार आठवडे चुकून लागत नाही. त्यांना माझा नमस्कार.

कोरा कागद
बुधवार, सकाळी ११.११

आता प्रत्येक वॉर्डात एक यूट्यूब चॅनेल आहे आणि प्रत्येक नगरसेवकाचा व्हॉट्सॲप ग्रुप. मालक-संपादक-नगराध्यक्ष हा प्राणी संपला म्हणता येत नाही, आता तो खिशातून फिरतो. पण त्या चॅनेलवाल्याचं चरित्र पन्नास वर्षांनी कुणाला लिहायचं झालं तर माळ्यावर काय सापडणार?

ग्रंथपाल
बुधवार, सायंकाळी ५.३५

फाइलींबद्दल लिहिते, कारण तो विषय अजून निघाला नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

न्यूजप्रिंट हा मुळात आयुष्य कमी असलेला कागद. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच राहतं, म्हणून उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो आणि आम्लामुळे ठिसूळ होतो. फाइल पूर्ण उघडून कण्यावर दाबू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. सपाट स्कॅनरवर पालथी घालण्यापेक्षा वरून कॅमेरा बसवून, पान थोडं तिरकं आधाराला ठेवून फोटो काढा. उजेड बाजूने, फ्लॅश नको. प्रत्येक फोटोला अंकाची तारीख आणि पान क्रमांक त्याच दिवशी द्या. नंतर देऊ म्हटलं की कधीच होत नाही.

काही अंक नसतील तर मुंबईला एशियाटिकच्या इमारतीतल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यात १९५६ मध्ये वर्तमानपत्रांचाही समावेश झाला, त्यामुळे प्रकाशकांनी ठरावीक ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या होत्या. सगळे पाठवत नसत. पण जे शिस्तीचे होते त्यांचे अंक सापडतात. आणि तुमच्या आजोबांनी ज्या वाचनालयाची धुरा वाहिली तिथेही एक संच असायला हवा.

उत्तरा
रविवार, रात्री ११.२०

आठवडाभर लिहिलं नाही, कारण गावी होते. क्रमाने सांगते.

वकीलवाडा, तुम्ही सांगितलेली चौकट पाहिली. मार्च १९६८ मध्ये संपादक म्हणून आजोबांचं नाव आहे. मार्च १९६९ पासून १९७४ पर्यंत प्रत्येक वर्षी संपादक म्हणून आजीचं नाव आहे. शेवटच्या पानाच्या ओळीतही. मी चार महिने त्या फाइली वाचतेय आणि ती ओळ एकदाही वाचली नव्हती. घरात कुणी कधी हे बोललंही नाही.

आजी त्र्याण्णव वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, बाकी सगळं लख्ख आहे. मी तिच्यापुढे अंक ठेवला आणि बोट दाखवलं. ती म्हणाली, "मग? खुर्चीत बसलेल्या माणसाने पेपर चालवू नये असं त्यांचंच म्हणणं होतं. म्हणून माझं नाव घातलं." मी विचारलं, नावापुरतंच ना? ती रागावली. म्हणाली, बातम्या प्रेसमधली माणसं आणायची, अग्रलेख तेच लिहायचे, ते काही सुटलं नाही त्यांच्याने. पण वाचकांची पत्रं ती निवडायची. रात्री स्वयंपाकघर आवरलं की पत्रांची पिशवी घेऊन बसायची, भाषा नीट करायची, सकाळी प्रेसवर पाठवायची.

मी परत जाऊन तेवढाच कॉलम वाचला. १९६९ पासून पत्रांत नळाची, संडासांची, रस्त्यावरच्या दिव्यांची तक्रार आहे. नगराध्यक्षांच्या नावाने आहे. मी सदर बंद पडलं म्हणून हळहळत होते आणि इकडे आजी नवऱ्याविरुद्धची पत्रं छापत होती.

हे मे १९७२ पर्यंत. त्या महिन्याच्या तिसऱ्या अंकात पत्रांच्या कॉलमात खाली दोन सुविचार आहेत, एकाखाली एक, ओळी सैल. खिळेजुळारी काका, मी हातात भिंग घेऊन बसले होते. तुम्ही सांगितलं तसंच आहे.

आजीला विचारलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वेशीबाहेरून एका बाईचं पत्र आलं होतं. आठ दिवसांनी पाणी येतं, आणि तुमच्या आळीत अंगणात सडा घालतात, असं लिहिलं होतं. मी लावलं. ते शुक्रवारी रात्री प्रेसमध्ये गेले आणि काढायला लावलं. मला सांगितलंही नाही. सकाळी अंक हातात आल्यावर कळलं." त्यानंतर तिने दोन महिने पिशवी उघडली नाही. आणि अंगणात सडा घालणं कायमचं बंद केलं. आमच्या घरी सडा का घालत नाहीत हे मला आज कळलं.

आज सकाळी वस्तीत गेले होते. पाणवठा, तुमच्या सांगण्यावरून. तीन घरांत बसले. त्या बाई कोण हे कुणाला सांगता आलं नाही. पण एका आजोबांनी सांगितलं की १९७३ च्या उन्हाळ्यात पाणी दोन दिवसाआड यायला लागलं आणि नगराध्यक्ष स्वतः टाकीपाशी उभे राहायचे. हेही लिहून घेतलं.

काकांना सगळं सांगितलं. ते बोलत नाहीयेत अजून. आजीने मात्र सांगितलंय की लेखात दोन संपादकांची नावं आली नाहीत तर फोटोला हार घालायला ती येणार नाही.

वकीलवाडा
रविवार, रात्री ११.४५

कायद्यापुढे त्या पाच वर्षांच्या प्रत्येक अंकाची जबाबदारी आजींची होती. बदनामीचा खटला झाला असता तर समन्स त्यांच्या नावाने निघालं असतं. हे त्यांना माहीत होतं का, जरूर विचारा.

उत्तरा
सोमवार, सकाळी ८.०२

विचारलं आत्ताच. म्हणाली, "दोनदा वकिलाची नोटीस आली होती. डब्यात ठेवल्यात." डबा शोधतेय.

ग्रंथपाल
सोमवार, सकाळी ८.३०

डब्यातले कागद सापडले की घड्या एकदम उलगडू नका! हळूहळू उलगडा, मग वजनाखाली दोन दिवस सपाट ठेवा. आणि आजींचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, रोज अर्धा तास पुरे.

खिळेजुळारी
सोमवार, सकाळी ९.१५

मे १९७२ च्या त्या पानाचा फोटो इथे टाका, पट्टी शेजारी ठेवून. सुविचारांनी किती जागा अडवली ते मोजतो. कॉलमची रुंदी आणि टाइप कळला की तिथे किती ओळी होत्या ते सांगता येईल. पत्र सापडलं नाही तरी ते केवढं होतं एवढं तरी आजींना सांगू.